जैसलमेर: मुक्काम किल्ल्यात करावा की खाली गावात?

पायवाट (धागाकर्ता)

मंडळी, जानेवारीत जैसलमेरला जायचं नक्की झालंय. मी, बायको, नववीतली लेक आणि माझे आईवडील. दोघेही सत्तरीपुढचे, त्यात बाबांचे गुडघे कुरकुरणारे. जोधपूरपर्यंत रेल्वेने, पुढे गाडी करून, असा बेत आहे.

घोडं अडलंय मुक्कामावर. किल्ल्याच्या आत, थेट बुरुजाला लागून असलेल्या एका जुन्या हवेलीतल्या खोल्या मिळतायत. फोटो बघून घरातले सगळे खल्लास झालेत. खिडकीत बसायला दगडी ओटा, खाली सगळं पिवळं गाव आणि त्यापलीकडे वाळवंट. भाडंही खिशाला परवडणारं. बुकिंग करणार तेवढ्यात आतेभाऊ (तो आर्किटेक्ट आहे) म्हणाला, "किल्ला पाहा, पण तिथे राहू नकोस. तुझ्या आंघोळीच्या पाण्याने तो खचतोय." मला वाटलं चेष्टा करतोय, पण तो गंभीर होता.

आता घरात दोन तट पडलेत. ज्यांनी दोन्हीकडे राहून पाहिलंय त्यांनी जरा सांगा. पाण्याचं हे प्रकरण खरंच इतकं मोठं आहे का? की आपण पाच जण राहिलो-न राहिलो तरी काही फरक पडत नाही? शिवाय तनोट मातेचं देऊळ आणि लोंगेवाल्याचं रणांगण एका दिवसात होतं का, तेही कुणी सांगितलं तर बरं.

खडूस

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

उंडगा

किल्ल्यातच राहा. डोळे मिटून. दिवसभर चौकात पर्यटकांची जत्रा असते, फोटोवाले, कठपुतळ्या विकणारे, गाईड मागे लागलेले. संध्याकाळी ती गर्दी उतरते आणि मग किल्ला तिथल्या लोकांचा होतो. ओट्यांवर म्हाताऱ्या गप्पा मारतात, गल्लीच्या मधोमध गाय बसलेली असते, कुठल्यातरी घरातून फोडणीचा वास येतो. खाली राहून हे दिसणार नाही. आपल्याकडे रायगडावर, राजगडावर आपण दगड बघायला जातो. इथे माणसं बघायला जायचं.

बाराखडी

+१ उंडगा. भारतात असे वस्तीचे किल्ले राहिलेत किती! ११५६ मध्ये भाटी रावळ जैसलने लोद्रव्याहून राजधानी हलवून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हापासून तिथली वस्ती टिकून आहे. आजही सुमारे तीन हजार लोक आत राहतात. त्यांना "तुम्ही पाणी वापरू नका" असं कोण सांगणार?

भूमिगत

पायवाट, तुमचा आतेभाऊ बरोबर बोलतोय. मी स्थापत्य अभियंता आहे, माती आणि पाया हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा किल्ला सह्याद्रीच्या कातळावर नाही, हे आधी ध्यानात घ्या. आपल्याला गड म्हटलं की बेसॉल्ट आठवतो, वरून कितीही पाणी ओता, तो हलत नाही. त्रिकूट टेकडी गाळाच्या खडकाची आहे. वालुकाश्म, त्याच्या अधेमधे शेल आणि चिकणमातीचे थर. चिकणमाती कोरडी असते तोवर दगडासारखी वागते. तिच्यात पाणी मुरलं की फुगते, मऊ पडते, आणि वरचं वजन तिच्यावरून सरकू लागतं. बुरूज आणि तट याच टेकडीच्या कडेला उभे आहेत, आणि जुनं बांधकाम बरंचसं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून केलेलं. पाया जरा सरकला की सांधे सुटतात.

ज्यांनी बांधलं ते मूर्ख नव्हते. तिथे वर्षाला जेमतेम दीडदोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो चारी बाजूंनी किल्ल्याबाहेर काढायला घूट नाली नावाची व्यवस्था होती. पिण्याचं पाणी डोक्यावर घागरी घेऊन वर चढवावं लागे. जे पाणी इतक्या कष्टाने वर यायचं ते कुणी सांडत नसे. पुढे नळ आले, मग संडास-न्हाणीघरं आली, त्यानंतर घरांची गेस्टहाउसं झाली. पाणी वर चढवायची सोय झाली, पण वापरलेलं पाणी खाली उतरवायची सोय मागेच राहिली. गळक्या गटारांतून ते टेकडीच्या पोटात जाऊ लागलं. नव्वदच्या दशकात काही बुरूज ढासळले, आणि जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला एकापेक्षा जास्त वेळा घातला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोरदार पावसात तटाचा काही भाग पुन्हा कोसळला.

तेव्हा "पाच जणांनी काय होतंय" याचं उत्तर एवढंच, की सगळेच पाच जण असतात.

मी_अनघा

भूमिगत, प्रतिसाद आवडला. पण मग दुरुस्ती गटारांची करायची की माणसांना हाकलायचं? गटारं नवी टाकली होती ना मध्ये?

भूमिगत

हो, कामं झाली आहेत आणि पूर्वीपेक्षा परिस्थिती सुधारली. पण टेकडीच्या आत मुरलेलं पाणी लगेच सुकत नाही. आणि हॉटेलातली खोली घरातल्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त पाणी खाते. रोज चादरी-टॉवेल धुतले जातात, शॉवर, कमोड, चार कुटुंबांचा नाश्ता... म्हणून तर काही परदेशी प्रवास-पुस्तिका किल्ल्यातल्या हॉटेलांची शिफारसच करत नाहीत.

लातूरकर

किल्ल्यातली खोली आम्हा लातूरकरांनाच द्या राव. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही. अर्ध्या बादलीत आंघोळ, उरलेल्यात कपडे, आणि त्याच पाण्याने तुळस. बुरुजाला कळणारसुद्धा नाही कुणी राहून गेलं ते.

खडूस

लातूरकर, हॉटेलवाला बुकिंग करताना आधार कार्डावर जिल्हा बघेल आता.

गडकरी_नव्हे

वस्तीचे किल्ले हा प्रकारच मला पटत नाही. स्मारक म्हणजे स्मारक. तिथे एसीचे डबे, केबलच्या वायरी, "इटालियन पिझ्झा" अशा पाट्या. युनेस्कोने २०१३ मध्ये चित्तोड, कुंभलगड, रणथंभोर, आमेर, गागरोण आणि जैसलमेर असे सहा किल्ले एकत्र यादीत घेतले. बाकीचे पाहून आलात की जैसलमेरच्या आतला बाजार बघून वाईट वाटतं. रहिवाशांना खाली चांगल्या जागा द्याव्यात आणि किल्ला मोकळा करावा.

पन्हाळकर

गडकरी_नव्हे, भावा, हे वाक्य लई सोपं हाय लिहायला. मी पन्हाळ्याचा. गडावरच जन्म, गडावरच शाळा. आमच्याकडं गडावर नगरपरिषद हाय, बाजार हाय, दवाखाना हाय. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आला. सगळ्या महाराष्ट्रानं पेढे वाटले. आमच्या गल्लीत मात्र त्याच्या आधीपासून एकच प्रश्न: आता घराला खिडकी पाडायची झाली तर कुणाला विचारायचं? पोराचं लग्न ठरलं, वर एक खोली काढायची, तर परवानगी मिळणार का?

किल्ला आमचा म्हणून अभिमान हायच. पण "मोकळा करावा" असं कुणी म्हणालं की पोटात गोळा येतो. जैसलमेरच्या त्या म्हातारीला पण तसंच होत असंल.

मी_अनघा

पन्हाळकर, अगदी. आणि जैसलमेरला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय साधी डागडुजीही करता येत नाही, त्यामुळे काही घरं पडायला आलीत आणि काहींनी गुपचूप सिमेंट थापलंय असं तिथल्या गाईडकडून ऐकलं होतं. कायद्याने वागणाऱ्याचं छप्पर गळतं, असा प्रकार.

गडकरी_नव्हे

हाकलून द्या असं मी म्हणालो नाही. चांगल्या जागा द्याव्यात म्हणालो. असो. पन्हाळकरांचा मुद्दा मान्य, तरीही पिझ्झाच्या पाट्यांवरचा राग कायम.

छावणीकर

आमच्या यांची बदली जैसलमेरला होती, मी तिथे बरीच राहिले आहे. (वाळूचं वादळ आलं की पोळीत, दुधात, लेकराच्या कानात, सगळीकडे वाळू. ती चव विसरत नाही.) पायवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

तनोट-लोंगेवाला एका दिवसात आरामात होतं. सकाळी लवकर निघा. जैसलमेर, रामगढ, तनोट, तिथून लोंगेवाला, पुन्हा रामगढ आणि परत, असा वळसा पडतो. तनोट साधारण १२० किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, आईबाबांना त्रास होणार नाही. पेट्रोल, पाणी, खाणं रामगढलाच उरका, पुढे फारसं काही नाही. मोबाईलची रेंज जाते-येते. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रत जवळ ठेवा. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, आणि परिस्थितीप्रमाणे ती बंदही असते, त्यावर बेत बांधू नका.

तनोट मातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं, आरतीही जवानच करतात. १९६५ च्या युद्धात देवळाच्या परिसरात पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब तिथे काचेच्या कपाटात ठेवलेत. आणि हो, तिथे नवसाचे रुमाल बांधतात, हजारोंनी. रुमालवाली देवी म्हणतात तिला.

खडूस

म्हणजे या संस्थळाची कुलदेवता तीच. इतकी वर्षं आम्ही धाग्यांवर रुमाल टाकतोय, देवीचा पत्ता आज कळला.

टिंबटिंब

छावणीकरताई, पण सुरक्षित आहे का आता? २०२५ च्या मे महिन्यात तिकडे ड्रोन आले होते ना? आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने त्या भीतीने तिकिटं रद्द केली.

छावणीकर

त्या मे महिन्यात रात्रीचे ब्लॅकआउट होते, विमानतळ काही दिवस बंद होता, हे खरं आहे. पण तसंही मेमध्ये तिकडे पर्यटक नसतातच, उन्हाने माणूस करपतो. वाटेतलं फलोदी आठवतं ना? २०१६ मध्ये ५१ अंश. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. निघायच्या आधी आठवडाभर बातम्या पाहा, प्रशासन काही सांगत असेल तर ऐका. बाकी गावातले लोक हे सगळं १९६५ पासून बघतायत. सायरन वाजला की दिवे मालवतात, आणि सकाळी पुन्हा दुकान उघडतात. लष्करी वाहनांचे, ठाण्यांचे फोटो मात्र काढू नका. लेकीला आधीच सांगून ठेवा, आजकालच्या मुलांचा हात मोबाईलवरच असतो.

रणगाडा

लोंगेवाल्याला जाताय तर थोडं वाचून जा, नाहीतर वाळूतले रणगाडे बघून फोटो काढून परत याल. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथे २३ पंजाबची जेमतेम एक कंपनी होती, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे अधिकारी. समोर रणगाड्यांची पलटण. रात्रभर ठाणं धरून ठेवलं आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. वाळूत रुतलेले रणगाडे वरून टिपायला सोपे गेले. श्रेय पायदळाचं जास्त की हवाई दलाचं, यावर निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये अजून वाद रंगतात. माझं मत विचाराल तर रात्र पायदळाची, सकाळ हवाई दलाची.

बाराखडी

विषय युद्धांकडे वळलाच आहे तर किल्ल्याचं जुनं दुखणं सांगतो. चित्तोडचे तीन साके (पुरुषांनी केसरिया नेसून शेवटची लढाई करायची आणि बायकांनी जौहर, तो साका) सगळ्यांना माहीत असतात. जैसलमेरचे "अढाई साके" म्हणतात. पहिला अलाउद्दीन खिलजीच्या वेढ्याशी जोडतात, दुसरा तुघलकांच्या काळाशी. उरलेला अर्धा १५५० च्या सुमाराचा. कंदाहारचा अमीर अली हा रावळ लूणकरणाचा पाहुणा, जनान्याच्या पालख्या आहेत असं सांगून त्याने माणसं आत घुसवली. चिता रचायला वेळच नव्हता, म्हणून बायकांना तलवारीने मारलं गेलं. पुढे हल्ला परतवला गेला. केसरिया झाला पण जौहर झाला नाही, म्हणून अर्धा. ख्यातींमधली, म्हणजे राजस्थानी बखरींमधली कथा आहे, तपशील इकडेतिकडे होतात. पण राजवाड्याच्या संग्रहालयात फिरताना हे माहीत असलं की दाराशेजारचे सतींच्या हातांचे ठसे वेगळे दिसतात.

उंडगा

अरे देवा, अर्धा साका. शब्द सुचत नाही.

बाय द वे, कुणी पटव्यांच्या हवेलीबद्दल का लिहिलं नाही? मला किल्ल्यापेक्षा तीच जास्त आवडली. एका व्यापाऱ्याने पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधल्या, आणि दगडाला असं कोरलंय की लाकूड वाटावं.

निवांत

उंडगा, आणि ते पटवा कशावर श्रीमंत झाले? जरतार, चांदी, अफू, आणि उंटांचे काफिले. सिंधकडून येणारा-जाणारा माल जैसलमेरवरून जायचा, आणि किल्ला त्यावर जकात घ्यायचा. पुढे इंग्रजांनी मुंबई बंदर वाढवलं, माल आगबोटीने जाऊ लागला, आणि उंटाची वाट ओस पडली. फाळणीने उरलीसुरली वाटही बंद केली. माझे आजोबा मशीद बंदरला एका मारवाडी पेढीवर मुनीम होते, त्यांच्याकडून हे ऐकलंय. मुंबई मोठी झाली त्यात अशी कितीतरी गावं आटली. आज मुंबईकर तिथे जाऊन हवेलीचे फोटो काढतात, हा एक प्रकारे मागच्या दाराने फेडलेला हिशेब आहे. :)

पर्यटनाआधी या गावाला पुन्हा उभं केलं ते सीमेने. ६५ आणि ७१ नंतर रस्ते आले, रेल्वे आली, छावणी आली, मागाहून कालव्याचं पाणीही आलं.

कच्छी_मराठी

सीमेवरचं किल्ल्याचं गाव म्हटल्यावर मला राहवत नाही. जैसलमेर बघून झालं की पुढच्या वर्षी लखपत करा. कच्छच्या पार टोकाला, कोरी खाडीवर. जमादार फतेह मोहम्मदने १८०१ मध्ये बांधलेला साधारण सात किलोमीटरचा तट जवळजवळ अख्खा उभा आहे, आणि आत मूठभर घरं. एके काळचं भरभराटीचं बंदर. १८१९ च्या भूकंपात जमीन उचलली गेली, अल्लाबंद नावाचा नैसर्गिक बांध तयार झाला, सिंधूची शाखा वळली आणि बंदराचं पाणीच गेलं. लोकही गेले. तटावर उभं राहिलं की समोर फक्त दलदल आणि सीमा सुरक्षा दलाची चौकी. गुरुनानक जिथे थांबले होते असं मानतात ते गुरुद्वारा आत आहे, २००१ च्या भूकंपानंतर त्याची डागडुजी इतकी चांगली झाली की २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

तिथे मुक्कामाचा वाद नाही. हॉटेलच नाही.

भूमिगत

कच्छी_मराठी, मस्त. लखपत पाणी गेल्याने ओस पडलं आणि जैसलमेर पाणी आल्याने खचतंय. माझ्या विद्यार्थ्यांना ही जोडी सांगणार आहे.

पायवाट

बाप रे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लखपत यादीत टाकलं. छावणीकरताई, तुमच्या माहितीवर तनोटचा दिवस पक्का केला.

मुक्कामाचं अजून ठरत नाहीये. आईचं म्हणणं "देवाच्या दारात राहिल्यासारखं वाटेल", किल्ल्यात लक्ष्मीनाथाचं देऊळ आहे ना. बाबा म्हणतात "मला वर चढवून दाखवा, मग बोलू". चढ किती आहे?

मी_अनघा

अखै पोळपासून (पोळ म्हणजे दरवाजा) चढ सुरू होतो, मग सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. रस्ता फरसबंद आहे आणि गुळगुळीत झालाय, चप्पल घसरते. पण रिक्षा वर दसरा चौकापर्यंत जातात. बाबांना रिक्षाने सोडा, तुम्ही चालत जा. आतल्या गल्ल्या साधारण सपाट आहेत. मात्र किल्ल्यातल्या जुन्या घरांचे जिने भयंकर! उंच, अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या, कठड्याऐवजी लटकता दोर. आमच्या खोलीचा जिना सासूबाईंना चढता येईना, शेवटी मालकाने तळमजल्यावर स्वतःच्या कुटुंबाची खोली रिकामी करून दिली. बिचाऱ्याचं मन मोठं होतं, पण आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. गुडघ्यांचा विचार करता मी तरी खालीच राहा म्हणेन, पाण्याचा मुद्दा बाजूला ठेवून सुद्धा.

शांतिनाथ

जैन मंदिरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. किल्ल्यातली मंदिरं पर्यटकांना साधारण सकाळच्या वेळेतच बघता येतात, दुपारनंतर गेलात तर कवाड बंद. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. त्यांच्याच पोटात ज्ञानभंडार आहे, तिथल्या ताडपत्रांवरच्या पोथ्या साऱ्या देशातल्या अभ्यासकांना माहीत आहेत. वाळवंटातली कोरडी हवा आणि तळघर, म्हणून टिकल्या. इथे पुन्हा भूमिगत यांचाच मुद्दा येतो. त्या टेकडीत ओल शिरली तर भिंतींइतकाच धोका पोथ्यांनाही आहे.

उंडगा

ठीक आहे, ठीक आहे. सगळे मिळून मला एकट्याला पाडताय. पण एक सांगा. किल्ल्यातल्या लोकांचं पोट कशावर? शेती नाही, कारखाना नाही. त्या गेस्टहाउसांवरच. सगळ्या शहाण्या लोकांनी "आम्ही खाली राहतो" म्हटलं तर आतली माणसं एक दिवस घर विकून निघून जातील आणि जागा मोठ्या हॉटेलवाल्याच्या घशात. मग तुमचा पाण्याचा हिशेब आणखी बिघडेल.

भूमिगत

हा मुद्दा खरा आहे, याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण पैसे फक्त रात्रीच्या मुक्कामातूनच पोचतात असं नाही. आतल्या गच्चीवर जेवा, आतल्या माणसाला गाईड घ्या, आतून वस्तू घ्या. जेवणाला लागणारं पाणी आणि पाच आंघोळी, चादरी, टॉवेल यात बराच फरक आहे.

पन्हाळकर

आणि राहणारच असशीला तर मालक स्वतः तिथं राहतोय अशा घरात राहा. बादली माग. दुसऱ्या दिवशी टॉवेल बदलू नको म्हणून सांग. आमच्याकडं पण येणारा पावणा नळ सोडून दात घासत बसतो तेव्हा आईचा जीव वर-खाली होतो.

टिंबटिंब

खाण्याचं सांगा ना कुणी. केर सांगरी मिळेल चांगली?

छावणीकर

केर सांगरी कुठेही मिळते, पण बाजरीच्या भाकरीसोबत मागा, बटर नानसोबत नको. गावात घोटुवा लाडू मिळतात, बेसनाचे, ती जैसलमेरची खासियत. किल्ल्याच्या पायथ्याशी सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, तिथे "लस्सी" म्हणून काय हातात येतं ते विचारून घ्या. आमच्याकडे आलेले एक पाहुणे रात्रभर हसत होते.

आणि हाबूरचा दगड! दुकानदार सांगतात की या दगडाच्या भांड्यात विरजणाशिवाय दही लागतं. जीवाश्मांनी भरलेला सुंदर दगड आहे, घ्या हौसेने.

खडूस

आमच्याकडे पुण्यात दुधवाल्याच्या कृपेने कुठल्याही भांड्यात विरजणाशिवाय दही लागतं.

रानवाटा

सोलापूरचा आहे, नान्नजच्या माळरानावर वाढलो. आमचा माळढोक आता जवळपास दिसतच नाही. जैसलमेरच्या भागात त्याला गोडावण म्हणतात, जगातले बहुतेक उरलेले पक्षी तिथेच. पवनचक्क्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या वीजतारांना धडकून मरतात, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जैसलमेरजवळच्या सम गावातल्या केंद्रात अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे. पायवाट, उंटावर बसून वाळूत सेल्फी काढण्यापेक्षा एक सकाळ मरू राष्ट्रीय उद्यानात सुदासरीकडे काढा. दिसेलच असं नाही, पण माळ तरी बघाल.

उंडगा

समच्या वाळूत संध्याकाळी डीजे असतो, हे आधीच सांगतो. मांगणियार या तिथल्या पिढीजात गवयांचं गाणं ऐकायचं असेल तर हॉटेलच्या "कल्चरल नाइट"मध्ये फर्माईश करू नका, ते बिचारे सिनेमाची गाणी गातात कारण पर्यटक तीच मागतात. कमायचा (त्यांचं तंतुवाद्य) वाजवणारा कुणी भेटला तर त्याला म्हणा, यजमानाच्या घरी लग्नात गाता ते गा. चेहराच बदलतो माणसाचा.

पायवाट

ठरलं. खाली गावात, किल्ला समोर दिसेल अशी गच्ची असलेली जागा घेतली. दोन्ही सकाळी रिक्षाने वर जायचं, जैन मंदिरं आणि लक्ष्मीनाथ, दुपारचं जेवण आतल्याच एखाद्या गच्चीवर, आणि गाईड किल्ल्यात राहणाराच घ्यायचा. संध्याकाळची गर्दी उतरल्यावर तासभर आत फिरायचं, उंडगांच्या म्हणण्याखातर. आतेभावाला कळवलं, त्याने अंगठा पाठवला. आई अजून थोडी नाराज आहे.

जाता जाता एक. लेकीला किल्ले-देवळांचा कंटाळा येतो, विज्ञान आवडतं. तिच्यासाठी काही?

गडकरी_नव्हे

निर्णय आवडला. युद्ध संग्रहालय जोधपूर रस्त्यावर गावाबाहेर आहे, ते मुलांना आवडतं.

भूमिगत

लेकीला आकलला न्या. जैसलमेरपासून साधारण सतरा किलोमीटरवर लाकडाच्या जीवाश्मांचं उद्यान आहे. ज्युरासिक काळातले, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे वृक्षांचे बुंधे दगड होऊन पडलेत, साल, गाठी सगळं ओळखू येतं. आता तिथे गवताची काडी मुश्किलीने उगवते. फार मोठी जागा नाही, तासाभरात होते, पण सावली अजिबात नाही. टोपी आणि पाणी सोबत न्या, आणि सकाळीच उरका.